कागदी सालीवरचं दगडफूल

मी ऑस्ट्रेलियाला गेले ती तीन महिन्यांसाठी. लेकीचं नवं घर बघायचं, चार ठिकाणी हिंडायचं आणि आंबे संपायच्या आत पुण्याला परतायचं, असा साधा बेत होता. मग कोरोना आला आणि विमानं बंद झाली. ॲडलेडच्या मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात मी दुसरा हिवाळा काढत होते. माझे यजमान श्रीकांत पुण्यात एकटे होते, आणि मी इथली पाहुणी आहे की इथलीच झालेय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता परत आल्यावर लोक विचारतात, ऑस्ट्रेलियात काय काय बघितलंत? त्यांना अपेक्षित असलेलं मी जवळजवळ काहीच बघितलेलं नाही. सिडनीला गेले नाही. कांगारू दिसले ते बहुतेक रस्त्याकडेला मरून पडलेले. पण एका पाणथळीत जाऊन आले. तिथे आम्ही एक दगडफूल शोधत होतो.

मॉसन लेक्स

आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल सगळ्यांना माहीत असतं. काळपट, कोरडं, हातात घेतलं की चुरा होणारं. माझी मुलगी मृण्मयी त्याच जातकुळीवर काम करते. युनिव्हर्सिटीत त्याला लायकेन म्हणतात. ते फूल नाही, दगडावरच येतं असंही नाही, आणि ती एक वनस्पतीसुद्धा नाही; बुरशी आणि शेवाळ एकत्र संसार करतात, त्याला हे नाव. हे तिने मला कितीतरी वेळा समजावलंय. मी गणिताची शिक्षिका होते. एका वस्तूला दोन म्हणायचं की दोहोंना एक, हे मला आजही नीट पटलेलं नाही.

त्या वर्षी तिला एक काम मिळालं होतं. उत्तरेत, डार्विनच्या पूर्वेला, एका दलदलीत फार वर्षांपूर्वी कुणीतरी एक लायकेन गोळा केलं होतं. त्याचा वाळलेला तुकडा संग्रहालयात आहे. पुढे आणखी दोन ठिकाणी ते दिसल्याच्या नोंदी झाल्या. त्यातली एक भलत्याच जातीची निघाली. सरकारदरबारी त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘माहिती अपुरी’. ते धोक्यात आहे, की व्यवस्थित आहे, की उरलंच नाही, हे जाऊन बघायचं आणि अहवाल द्यायचा. मृण्मयीची नोकरी कंत्राटी होती आणि हे कंत्राटातलं शेवटचं काम होतं.

तिच्याबरोबर मेलबर्नहून एक सहकारी येणार होता. मेलबर्न पुन्हा बंद झालं. एकटीने जायला युनिव्हर्सिटीची परवानगी नव्हती.

“आई, तू चल,” ती म्हणाली.

“मी काय करणार तिथे?”

“माणूस म्हणून मोजली जाशील. नियम एवढाच आहे की दोन माणसं हवीत.”

मी श्रीकांतना फोन केला. ते म्हणाले, “जा की. नाहीतरी तिथे बसून माझीच काळजी करतेस.”

मी तिखटमिठाचा डबा, बेसन, पोहे, छोटा कुकर आणि इंडियन स्टोअरमधून आणलेलं दगडफूल घेतलं. तिथे रोज आमटी करावी लागणार हे उघड होतं, आणि मसाला माझ्याकडे अर्धाच कुटलेला होता.

सीमेवर

ॲडलेडहून उत्तरेला जाणारा रस्ता वाळवंटातून सरळ जातो. त्याचं वर्णन मी करत नाही, कारण मलाच एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा आठवत नाही. लाल माती, निळं आभाळ, मधूनच पेट्रोल पंप. पंपावरचं टोस्टेड सँडविच सगळीकडे सारखंच.

गाडीत मी तिला विचारलं, “हे जे शोधायचंय, ते पुष्कळ सापडलं तर चांगलं की वाईट?”

“चांगलं. म्हणजे ते जगतंय.”

“मग ते यादीतून काढणार?”

“हो. मग त्या जागेकडे कुणी बघणार नाही.”

“आणि कमी सापडलं तर?”

“तर वाईट. पण मग त्याला संरक्षण मिळेल.”

“मग आपण नक्की काय व्हावं म्हणून देवाला सांगायचं?”

तिने समोरून येणारा ट्रक जाऊ दिला. मग म्हणाली, “तू देवाला एवढंच सांग की मला ते ओळखता येऊ दे.”

राज्याच्या सीमेवर पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. आपल्याकडे महाराष्ट्रातून कर्नाटकात जाताना पाटी बदलते, एवढंच. इथे त्या वर्षी प्रत्येक राज्य वेगळा देश झालं होतं. मास्क लावलेला तरुण पोलीस खिडकीशी वाकला. घर कुठे, त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पुणे, इंडिया. त्याचा चेहरा बदलला. तेव्हा भारतातून कुणाला येऊ देत नव्हते. घरून कधी निघालात? मी म्हटलं, गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. त्याने मृण्मयीकडे बघितलं.

“शी लिव्ह्ज विथ मी,” ती म्हणाली. “मॉसन लेक्स.”

“सो होम इज मॉसन लेक्स?” त्याने मला पुन्हा विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मृण्मयीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “येस,” मी म्हटलं. त्याने आमचा पास बघितला, लायकेनचं स्पेलिंग विचारलं आणि “नो वरीज” म्हणून सोडून दिलं. पुढचा तासभर मला उगाचच खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, आणि मी बोलले ते खोटं होतं की खरं, हेही कळत नव्हतं.

लॉरेनचं घर

त्या पाणथळीचं नाव लिहू नकोस, असं मृण्मयीने मला बजावलंय. जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे. त्यांची संमती तिने निघण्याआधीच घेतली होती. आमचा मुक्काम पाण्याजवळच्या एका घरी होता, लॉरेन नावाच्या बाईंकडे. साठीच्या, उंच, उन्हाने रापलेल्या. त्या आणि त्यांचा नवरा मिळून पर्यटकांना बोटीतून पक्षी आणि मगरी दाखवत. आता पर्यटक नव्हते आणि नवराही नव्हता. तो आजारी भावाला बघायला पर्थला गेला, आणि तिकडच्या राज्याने सीमा बंद केली.

“किती दिवस झाले?” मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“आय स्टॉप्ड काउंटिंग,” त्या म्हणाल्या. “तुझा नवरा निदान दुसऱ्या देशात तरी आहे. माझा याच देशात आहे.”

आमचं त्या एका वाक्यावर जमलं.

ॲडलेडला आम्ही दोन स्वेटर घालून निघालो होतो. इथे घामाने साडी अंगाला चिकटत होती. हिवाळा आहे असं सगळे म्हणत होते. लॉरेनने पहिल्या संध्याकाळी नदीतला मासा तळला. मी खात नाही म्हटल्यावर त्यांनी टोस्टवर काळा, खारट लेप लावून दिला. मी तो संपवला, ते केवळ संस्कार म्हणून. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मी हातात घेतला. पिठलं त्यांना फार आवडलं. त्या ते टोस्टला लावून खात आणि मृण्मयीला विचारत, हे सूप आहे की चटणी? तिने सांगितलं, दोन्ही नाही. मला वाटलं, बरं झालं, कुणालातरी माझ्यासारखं होतंय.

कामाच्या पहिल्या दिवशी आम्ही गाडीरस्त्यालगतच्या झाडांवरून थोडे नमुने गोळा केले. लायकेनचे तुकडे कागदाच्या घडीच्या पुडीत ठेवतात, अगदी वाण्याकडच्या पुडीसारख्या. संध्याकाळी मृण्मयी व्हरांड्यात टेबलावर पुड्या उघडून भिंगाखाली बघत बसली होती. मी आत कांदा चिरत होते. तिची हाक आली.

“आई, हे कुठल्या झाडावरून घेतलं आपण?”

मी हात पुसत गेले. तिच्यासमोर एक काळपट तुकडा होता.

“हे इथे असूच शकत नाही,” ती म्हणत होती. “ही जात इथली नाही. कडा बघ. हे थंड डोंगराळ भागातलं आहे.” तिने तो तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. लॉरेनही येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे मोठा शोध आहे का, त्यांनी विचारलं. मृण्मयी म्हणाली, एकतर शोध आहे, नाहीतर मला काहीच येत नाही.

मी वाकून वास घेतला.

“अगं, हे माझं आहे,” मी म्हटलं. “मसाल्याचं. पिशवी फाटली म्हणून मी तुझ्या कागदात बांधलं होतं.”

ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की लॉरेनला पाणी आणावं लागलं. नंतर तिने माझ्या सगळ्या पुड्यांवर मोठ्या अक्षरात ‘आई – खायचं’ असं लिहिलं.

घरात मोबाइल चालत नव्हता. स्वयंपाकघरात भिंतीला एक जुना फोन होता. त्यावरून मी श्रीकांतना लावला. ते म्हणाले, घसा बसलाय, बाकी काही नाही. सकाळी गोड्या मसाल्याचा डबा उघडला, तर वास आला नाही.

“सर्दीने असेल,” ते म्हणाले.

त्या दिवसांत वास न येणं म्हणजे काय, हे सगळ्या जगाला माहीत झालं होतं.

खारं पाणी

दुसऱ्या दिवशी लॉरेनने आम्हाला बोटीतून खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला नेलं. इथे पाण्यात उभी राहणारी झाडं आहेत. त्यांची साल कागदासारखी, पांढरट, पदर सुटत जाणारी. इंग्रजीत त्यांना पेपरबार्क म्हणतात. मी मनात कागदी साल म्हणू लागले. वळणावळणाने तासभर गेल्यावर बोट एका मोकळ्या जागी आली.

झाडं होती, पण सगळी मेलेली. पाण्यातून वर आलेले नुसते करडे खांब, नजर जाईल तिथवर. एक पान नाही.

लॉरेनने इंजिन बंद केलं. पूर्वी इथे गोडं पाणी होतं, त्या सांगू लागल्या. रानरेडे चालून चालून बांधासारखे काठ फुटले, ओहोळ रुंद झाले, आणि भरतीचं पाणी आत घुसलं. खाऱ्या पाण्याने झाडं उभीच्या उभी वाळली. पलीकडे एका ठिकाणी मातीचा बांध घातला, तिथे थोडं थांबलं. इथेही घाला म्हणून त्या आणि त्यांचा नवरा किती वर्षं म्हणतायत. इथे काय आहे वाचवण्यासारखं, असं त्यांना विचारतात.

“तुझ्या मुलीचं ते,” त्या मला म्हणाल्या, “ते दुर्मीळ निघालं तर मला सांगता येईल, हे आहे.”

मृण्मयी दुर्बीण लावून बसली होती. मग तिने बोट पुढे घ्यायला सांगितलं. अजून पुढे. त्या करड्या खांबांवर, पाण्याच्या रेषेपासून हातभर वर, राखाडी-हिरवे पापुद्रे होते. एका खोडावर, शेजारच्या खोडावर, त्याच्या शेजारच्याही. ती बोटीतून वाकून भिंगाने बघत होती आणि लॉरेन तिचा पट्टा धरून होत्या, कारण पाण्यात मगरी होत्या.

“तेच आहे,” मृण्मयी म्हणाली.

“हे सगळं?” मी विचारलं.

“हे सगळं.”

मी तिचं अभिनंदन करणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. ती बोटीत खाली बसली. जिवंत कागदी झाड साल सोडत राहतं, ती सांगू लागली, म्हणून त्याच्यावर सहसा काही टिकत नाही. मेल्यावर झाड साल सोडायचं थांबतं, पानं गळून ऊन मिळतं, म्हणून कदाचित ते असं माजलंय. आणि मेलेली झाडं आणखी काही वर्षांत पडणार.

“म्हणजे हे जास्त आहे की कमी?” मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

“आज मोजलं तर भरपूर आहे,” ती म्हणाली. “कुणालाही वाटेल, याला काही धोका नाही. आणि हे जे भरपूर आहे ना, ते सगळं जाणार आहे.”

लॉरेनला तिने तेच इंग्रजीत सांगितलं. लॉरेनने त्या खांबांकडे बघितलं. “सो इट्स डूइंग वेल,” त्या म्हणाल्या, “बिकॉज एव्हरीथिंग्ज डेड.”

परत येताना पांढरे बगळे त्या मेलेल्या फांद्यांवर बसले होते, आणि मला ते दृश्य सुंदर वाटत होतं. वाटायला नको होतं असंही वाटत होतं.

संध्याकाळी श्रीकांतना ताप होता. शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले, ऑक्सिजन ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा होता. लांबूनच येत होता, पण रोज तसा वाटत नसे.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांचा फोन लागलाच नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. लॉरेनने खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली.

वरच्या अंगाला

सकाळी मृण्मयी गाडीत सामान भरत होती. शेवटचा एक दिवस राहिला होता, नदीच्या वरच्या अंगाला जायचं होतं, जिथे पाणी अजून गोडं आहे आणि झाडं जिवंत आहेत. तो दिवस तिने सोडून दिला होता. डार्विनला जाऊ, तिथे मोबाइल लागेल, मग काय ते ठरवू, असं ती म्हणाली. काय ठरवणार होतो, मला माहीत नव्हतं. भारतात जाणाऱ्या एखाद-दुसऱ्या खास विमानात मी बसले असते, तर परत येता आलं नसतं. नसते बसले, तर... हे वाक्य मी तेव्हाही मनात पुरं केलं नाही.

पुण्यात अजून पहाट व्हायची होती, तरी मी शेजारच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला.

“वहिनी, घाबरू नका. काल दुपारी ऑक्सिजन थोडा कमी झाला म्हणून ॲडमिट केलंय. बेड लगेच मिळाला. चार्जर घरी राहिला, म्हणून फोन बंद. मी सकाळी जाणारच आहे, माझ्या फोनवरून बोलणं करून देतो.”

“किती वाजता?”

“तुमची दुपार होईल.”

मी फोन ठेवला आणि मृण्मयीला सगळं सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. तोवर ती रडली नव्हती. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. फोन इथे येणार होता. म्हणजे डार्विनला निघायचं नव्हतं. दुपार व्हायला अवकाश होता. आणि करायला काहीच नव्हतं.

लॉरेन दारात बोटीची किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नाही, पण सगळं कळलं होतं.

“फोनकडे बघत बसलीस म्हणून तो लवकर वाजणार नाही,” त्या मला म्हणाल्या. “जेवणवेळेच्या आत मी तुला परत आणते. प्रॉमिस.”

नवरा हॉस्पिटलमध्ये आणि मी नौकाविहाराला, हे लोकांना सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. पण मी गेले.

वरच्या अंगाला सावली होती. कागदी झाडं दोन्ही बाजूंनी पाण्यावर वाकलेली, कमळाची पानं, पाणी चहासारखं तांबूस. मृण्मयी एकेक खोड बघत होती. साल मऊ, सुटी, तिचे पदर वाऱ्यावर हलत होते. काही नाही. पुढच्या झाडावर काही नाही. मग बोटीच्या पंख्यात वेली अडकल्या. त्या दोघी मागे वाकून त्या सोडवू लागल्या. लॉरेन म्हणत होत्या आधी इंजिन वर घेऊ, मृण्मयी म्हणत होती आधी कापू. बोट आपोआप एका झाडाला जाऊन टेकली.

मी काहीच शोधत नव्हते. मी डोळ्यांसमोर जे होतं त्याच्याकडे बघत होते, आणि डोळ्यांसमोर एक खोड होतं. दोन फांद्या फुटतात तिथे, बेचक्यात, साल जुनी आणि घट्ट होती. तिथे माझ्या तळहाताएवढा एक राखाडी-हिरवा पापुद्रा होता. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही. श्रीकांतना ॲडमिट करताना त्यांनी चष्मा घेतला असेल का, असा विचार डोक्यात होता.

“मृण्मयी,” मी म्हटलं, “हे तेच ना?”

ती कात्री हातात घेऊन वळली. मग कात्री खाली ठेवून हळूहळू पुढे आली. भिंग लावलं.

“तेच आहे,” ती म्हणाली. “जिवंत झाडावर आहे.”

आसपासची झाडं आम्ही बघितली. दुसरीकडे कुठेही दिसलं नाही. परत त्या झाडाशी आलो तेव्हा तिच्या हातात सुरी आणि कोरी पुडी होती. नमुना नेला नाही तर कुणी मानणार नाही, ती मला म्हणाली, फोटोवरून ही जात नक्की सांगता येत नाही. आणि नेला तर इथे जे आहे त्यातलंच कमी होणार.

“तू सांग,” ती म्हणाली.

“मी काय सांगू? मला तर त्याचं नावही उच्चारता येत नाही.”

“तरी सांग.”

“नखाएवढं घे,” मी म्हटलं. “आणि त्याची माफी माग.”

तिने कडेचा नखाएवढा तुकडा काढला. माफी मागितली की नाही माहीत नाही. तिचे ओठ हलले खरे. लॉरेनने घड्याळ बघितलं आणि बोट वळवली, ती इतक्या जोरात की बगळे उडाले.

फोन वाजला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी होते.

“अहो,” मी म्हटलं.

“ऐकतोय.” मास्कमधून बोलत असल्यामुळे आवाज घुमत होता. दोन शब्दांच्या मध्ये ते थांबत होते. “बरा आहे मी. काळजी करू नकोस. खाल्लं. इडली होती.” मग बराच वेळ फक्त श्वास ऐकू आला. “सापडलं का ते तुमचं?”

“सापडलं,” मी म्हटलं. “आधी खूप सापडलं आणि मग थोडं.”

“मग चांगलं की वाईट?”

“तुम्ही घरी या, मग सांगते.”

मृण्मयीने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि “बाबा, चष्मा आहे का तुझ्याकडे?” असं विचारलं. मी तिला चष्म्याचं काही बोलले नव्हते.

परत

आठवड्याभराने श्रीकांत घरी आले. आम्ही तेव्हा वाळवंटात उलट्या दिशेने चाललो होतो. एका पेट्रोल पंपावर मोबाइल लागला आणि त्यांचा फोटो आला: आमचा सोफा, त्यावर ते, हातात चहा. मी पंपाच्या पायरीवर बसून रडले. पंपावरच्या माणसाने काही न विचारता मला टोस्टेड सँडविच दिलं.

मला पुढे परतीच्या विमानात जागा मिळाली ती कितीतरी आठवड्यांनी. मृण्मयीने मला विमानतळावर सोडलं तेव्हा, आपण पुन्हा कधी भेटणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून कुणीच ते विचारलं नाही. पुण्यात श्रीकांत न्यायला आले होते. ते खूप वाळले होते. मी त्यांना गर्दीत आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर कितीतरी वेळ बॅगांचंच काहीतरी बोलत राहिले.

अहवाल गेला. मृण्मयीने दोन्ही गोष्टी लिहिल्या: मेलेल्या झाडांवर ते भरपूर आहे आणि ते टिकणार नाही, जिवंत झाडांवर जवळजवळ नाहीच. समितीने पुष्कळ शंका काढल्या. शेवटी त्यांनी ते ‘धोक्यात’मध्ये टाकलं. तिने मला फोन करून सांगितलं. अभिनंदन म्हणायचं की अरेरे, दोघींनाही कळेना.

“तुला काय वाटतंय?” मी विचारलं.

“मला हवं होतं ते झालं,” ती म्हणाली. “आणि असं व्हायला नको होतं.”

तिचं कंत्राट आणखी एका वर्षासाठी वाढलं. तेवढं मात्र निखळ चांगलं झालं.

पुढच्या वर्षी एका दुपारी लॉरेनचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा नवरा परत आला होता. मागे खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेला दिसत होता. तो घरात नव्हता तेव्हा मला त्याची आठवण यायची, लॉरेन म्हणाल्या, आता तो आहे आणि मला त्याच्या घोरण्याचा त्रास होतो. खालच्या अंगाला बांधासाठी माणसं येऊन मोजमाप करून गेली होती. बांध होईल की नाही ते कुणी सांगत नव्हतं. मात्र पर्यटक येऊ लागले होते.

“त्यांना दाखवतेस का?” मी विचारलं. “वरच्या अंगाचं ते झाड?”

“नाही. दाखवलं तर कुणीतरी हात लावणार. पण तिथे मी बोट अगदी हळू करते. मला बघायचं असतं ना.”

“लोक विचारत नाहीत, इथे हळू का केली म्हणून?”

“विचारतात. मग मी सांगते, श्श, या झाडाखाली मोठी मगर असते. सगळे पाण्याकडे बघत बसतात.”

“असते का?” मी विचारलं.

लॉरेनने जरा विचार केला.

“कधी कधी,” त्या म्हणाल्या.